किल्ली सगळ्यांची, नोंद कुणाची?

"बघा काका, हिरवं चढलंय," असं म्हणून दुकानातल्या पोराने माझ्या उघड्या लॅपटॉपवर टॉर्च धरला. मदरबोर्डावरच्या सोल्डरच्या ठिपक्यांवर हिरवट पूड जमली होती. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्याला ती ओळखावी लागत नाही. खिडकीच्या बिजागऱ्या, स्कूटरचा सायलेन्सर, देवघरातली समई, सगळ्यांना ही खारी हवा वर्षाच्या वर्षाला थोडी थोडी खातच असते. आता पाळी लॅपटॉपची होती.

बोर्ड बदलला, यंत्र सुरू झालं. विंडोज नव्याने टाकावी लागली, आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरांत विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करण्याची सूचना येऊन बसली.

"अरे, पण माझी ओरिजिनल होती. लॅपटॉपबरोबरच आली होती."

"होती ना. पण ती जुन्या बोर्डाची. तिच्या लेखी हा लॅपटॉप नवा." मग त्याने आवाज थोडा उतरवला. "नवी घेतलीत तर महाग पडेल. पाचशे द्या, मी करून देतो अ‍ॅक्टिव्हेट."

त्याच्या डोक्यामागे भिंतीवर पुठ्ठ्याचा एक तुकडा चिकटवलेला होता. त्यावर मार्करने पाच-पाच अक्षरांचे पाच गट लिहिलेले. नुकतीच त्याने तीच अक्षरं माझ्या यंत्रात घातली होती.

"आणि ही कुणाची की?"

"ही कुणाची नाय. जेनेरिक. सगळ्यांना चालते."

"चालते म्हणजे?"

"विंडोज बसते तिच्यानं. अ‍ॅक्टिव्हेट नाय होत."

बसते, पण अ‍ॅक्टिव्हेट होत नाही. त्या पोराने दोन वाक्यांत जे सांगितलं, ते आपल्यापैकी बहुतेकांनी संगणक विकत घेताना कधी ऐकलेलं नसतं. किल्लीने दार उघडतं, आणि दार उघडलं म्हणजे घर आपलं, असं आपण धरून चालतो. इथे दार उघडणं आणि घर नावावर होणं ही दोन वेगळी कामं आहेत. जेनेरिक की पहिलं काम करते, दुसऱ्याला हातही लावत नाही. आपल्या संगणकांच्या जगातली पुष्कळशी लबाडी, दुकानदाराची आणि कंपनीचीही, या दोन कामांची सरमिसळ करूनच चालते, असं मला वाटतं.

आधी त्या पुठ्ठ्याला न्याय देऊ. भिंतीवरची ती पंचवीस अक्षरं चोरीची असतील असा कुणाचाही समज होईल. तो चुकीचा आहे. मोठ्या संस्थांमध्ये विंडोज टाकण्यासाठी लागणाऱ्या जेनेरिक किल्ल्यांची यादी मायक्रोसॉफ्ट स्वतःच जाहीर करते. घरगुती विंडोज टाकताना 'माझ्याकडे की नाही' हा पर्याय निवडला, तरी आत अशीच एक सार्वजनिक की वापरली जाते. तिचं काम एवढंच, की होम टाकायची की प्रो, हे बसवणाऱ्या प्रोग्रॅमला कळावं. पंगतीत पान मांडलं जातं तसं. पान मांडलं म्हणजे वाढलं असं नाही.

वाढण्याची व्यवस्था निराळी. एखाद्या कॉलेजात किंवा कारखान्यात जेनेरिक की घातलेली यंत्रं संस्थेच्या आतल्या जाळ्यात एका परवाना-सर्व्हरचा शोध घेतात. अशी किमान 25 यंत्रं मोजली गेली की तो सर्व्हर त्यांना अ‍ॅक्टिव्हेट करू लागतो, आणि तेही फक्त 180 दिवसांपुरतं. यंत्र दर सात दिवसांनी पुन्हा हजेरी लावायचा प्रयत्न करतं. हजेरी लागली की 180 दिवसांची मोजणी पहिल्यापासून. संस्थेचा लॅपटॉप कुणी घरी नेऊन परत आणलाच नाही, तर सहा महिन्यांत त्याची मुदत आपोआप संपते. घरच्या एकट्यादुकट्या यंत्राला असा सर्व्हर नसतो. तिथे जेनेरिक की घालून विंडोज बसते, चालते, सुरक्षेचे अपडेटही घेते. पण कोपऱ्यातली फिकट अक्षरं जात नाहीत, आणि डेस्कटॉपमागचं चित्रही सेटिंगमधून बदलता येत नाही. करार म्हणतो वापरू नका, यंत्र म्हणतं वापरा. हा विरोधाभास कंपनीला ठाऊक नाही असं नाही. तिने तो जाणूनबुजून राहू दिला आहे. का, ते पुढे येईल.

किल्लीचा हा अर्थ नेहमीच असा नव्हता. विंडोज 95 च्या काळात किल्ली खरोखरच किल्ली होती. बाजारात मिळणाऱ्या प्रतीचा क्रमांक दहा आकड्यांचा असे, आणि शेवटच्या सात आकड्यांच्या बेरजेला सातने पूर्ण भाग गेला की कुलूप उघडे. सात वेळा एक लिहिलं तरी बेरीज सातच होते, त्यामुळे शाळकरी पोरालाही चालणारा क्रमांक तयार करता येई. त्या कुलपाला बेरीज बरोबर आली की पुरे होतं. आलेला माणूस कोण, याची त्याला पर्वा नव्हती.

ऑक्टोबर 2001 मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने ही पद्धत मोडली. आता किल्ली घातल्यावर यंत्राला कंपनीकडे हजेरी लावावी लागे, इंटरनेटवरून किंवा फोनवरून लांबलचक आकडे वाचून. संस्थांसाठीच्या प्रतींना मात्र ही हजेरी माफ होती. त्यातलीच एक किल्ली फुटली, आणि एक्सपी दुकानांत यायच्या आधीच जगभर फिरू लागली. ज्याला ती पाठ नव्हती असा संगणक दुरुस्त करणारा त्या काळी क्वचितच सापडला असता.

तिसरा टप्पा 2015 चा. विंडोज 10 आली तेव्हा जुन्या खऱ्या प्रती वापरणाऱ्यांना वर्षभर ती फुकट मिळत होती. अशा कोट्यवधी यंत्रांमध्ये जुनी वैयक्तिक किल्ली गेली आणि तिच्या जागी प्रत्येक आवृत्तीसाठी एकच सामाईक जेनेरिक की आली. रेवदंड्यातला एखादा शिक्षक आणि मुरूडमधला एखादा हॉटेलवाला, दोघांचे लॅपटॉप कायदेशीर, दोघांची आवृत्ती एकच, दोघांनी आपापल्या यंत्राची किल्ली तपासली, तर अक्षरन् अक्षर सारखी निघेल. मग हक्क कुठे गेला? तो कंपनीच्या सर्व्हरवर गेला. यंत्राच्या भागांवरून, त्यातही मुख्यतः मदरबोर्डावरून, एक ओळखखूण तयार होते आणि तिच्यापुढे कंपनीच्या वहीत लिहिलं जातं: यास परवाना आहे.

पहिल्यांदा किल्ली होती, मग हजेरी आली, मग राहिली ती फक्त वहीतली नोंद. आपण अजून तोंडाने 'की' म्हणतो, पण व्यवहार सातबाऱ्याचा झाला आहे.

सातबारा म्हटलं की कोकणातल्या माणसाचे कान उभे राहतात. जमीन कसतो कोण आणि नाव कुणाचं लागलंय, हे दोन प्रश्न वेगळे असतात, हे इथे पिढ्यानपिढ्या माहीत आहे. सातबाऱ्यावर मालकाचं नाव एका जागी आणि कुळाचं नाव 'इतर अधिकार' या रकान्यात. विंडोज वापरणारे आपण सगळे त्याच रकान्यातले. सॉफ्टवेअर कंपनीचं, आपल्याला वापरण्याचा अधिकार, तोही अटींवर. बोर्ड खाऱ्या हवेने गेला आणि माझं नाव रकान्यातून आपोआप कमी झालं. तलाठ्याकडे निदान फेरफाराचा अर्ज तरी देता येतो.

हक्काची नोंद कुणाकडे असावी आणि तिची अट कुणी ठरवावी, हा प्रश्न या किनाऱ्याला नवा नाही. फक्त तेव्हा तो जमिनीचा नव्हता, पाण्याचा होता.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हिंदी महासागरात एक अजब व्यवस्था लावली. कुठल्याही व्यापारी जहाजाला त्यांचा 'कार्ताझ' हा परवाना जवळ बाळगल्याशिवाय समुद्रात जाता येईना. त्या कागदावर जहाजाचं आकारमान, तांडेलाचं नाव, जवळची शस्त्रं, जायचं बंदर, न्यायला बंदी असलेला माल, सगळं लिहिलेलं. कागद नसेल तर जहाज जप्त. कागदाचं शुल्क फारसं नव्हतं. खरी मेख अशी, की तो घेण्यासाठी पोर्तुगीज बंदरात जावं लागे आणि तिथे जकात भरावी लागे. चौलच्या खाडीच्या तोंडाशी रेवदंड्याला 1521 मध्ये पोर्तुगीजांनी कोट बांधायला घेतला, तो याच कारभाराचा एक नाका. हाजींना मक्केला नेणारी मुघलांची जहाजंसुद्धा कार्ताझ घेऊन जात. अकबराच्या नावाने जमिनीवर हुकूम चालत होता, पण पाण्यावर त्यालाही दुसऱ्याच्या वहीत नोंद करून घ्यावी लागत होती.

कार्ताझ नीट पाहिला तर आपल्या अ‍ॅक्टिव्हेशनचा नमुना तिथे पूर्ण सापडतो. परवाना विशिष्ट जहाजाचा. त्याने ठरावीक नाक्यावर हजेरी लावायची. वापराच्या अटी छापलेल्या. आणि अटी कुणाशी बोलून ठरवलेल्या नाहीत. या परवान्याचा आधार कुठला? समुद्र पोर्तुगीजांनी काही निर्माण केला नव्हता. विंडोज मात्र मायक्रोसॉफ्टने निर्माण केली आहे. हा फरक मोठा आहे आणि तो लपवून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. कष्टाने लिहिलेल्या प्रोग्रॅमचा मोबदला मागणं रास्तच आहे. आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1984 साली दुरुस्ती होऊन संगणक प्रोग्रॅम 'साहित्यकृती'त गणला गेला. कायद्याच्या नजरेत विंडोज आणि मराठी कादंबरी एकाच फळीवर उभ्या आहेत. मोबदल्याचा हक्क मी मान्य करतो. हरकत आहे ती मोबदला घेतल्यानंतरही नाक्यावर हजेरी मागण्याला, आणि जहाजाची फळी बदलली की परवाना रद्द समजण्याला.

विकत घेतलेली कादंबरी मी मित्राला देतो, रद्दीत विकतो. पाऊस लागून पुठ्ठा गेला तर नवा चढवतो. कादंबरी माझीच राहते. सॉफ्टवेअरच्या बाबतीत न्यायालयांनाही हा प्रश्न पडलेला आहे. युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2012 मध्ये ओरॅकल कंपनीच्या प्रकरणात म्हटलं, की कायमच्या वापरासाठी प्रत विकली की तिच्या पुनर्विक्रीवरचा निर्मात्याचा ताबा संपतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे 2 मार्च 2021 च्या निकालात प्रश्न प्राप्तिकराचा होता, पण तिथेही बाजारात मिळणाऱ्या तयार सॉफ्टवेअरचा व्यवहार हा कॉपीराइटचा परवाना नव्हे, तर प्रतीची विक्री आहे, असं न्यायालयाने मानलं. दुकानदार 'विकली' म्हणतो, मी 'घेतली' म्हणतो, न्यायालय करापुरतं का होईना 'विक्री' म्हणतं. फक्त डब्यावरचा करार म्हणतो, आम्ही विकलेली नाही, वापरायला दिली आहे.

आता त्या पाचशे रुपयांकडे वळू. पाचशेत जे अ‍ॅक्टिव्हेशन होतं, ते बहुधा दोनपैकी एका रीतीने. एक, संस्थेला अनेक यंत्रांसाठी दिलेली किल्ली बाहेर काढून सुटी विकायची. दोन, आपल्याच यंत्रात खोटा परवाना-सर्व्हर बसवून विंडोजला फसवायचं, की तू पंचवीस यंत्रांच्या संस्थेत आहेस.

पहिल्या रीतीचा पूर्वज आपल्या इतिहासात आहे. 1717 च्या मुघल फर्मानाने ईस्ट इंडिया कंपनीला बंगालमध्ये जकातमाफी मिळाली. कंपनीच्या मालासाठी दस्तक निघे, आणि दस्तक दाखवलं की नाक्यावर माल सुटे. कंपनीच्या नोकरांनी हीच दस्तकं स्वतःच्या खासगी व्यापारासाठी वापरली, देशी व्यापाऱ्यांना विकलीसुद्धा. संस्थेचा परवाना, व्यक्तीचा धंदा. बंगालचा नवाब मीर कासिम याने वैतागून 1763 मध्ये सगळ्यांचीच जकात माफ केली, म्हणजे दस्तकाला किंमतच उरू नये. त्याचा शेवट 1764 ला बक्सारच्या लढाईत झाला, हे आपण शाळेत पाठ केलेलं आहे. परवाना विकणाऱ्या त्या नोकरांनी कुणाविरुद्ध बंड केलं, असं कुठलाही इतिहासकार म्हणत नाही. त्यांनी धंदा केला.

हे सांगायचं कारण, फुकट्या विंडोजबद्दल आपल्याकडे एक रोमँटिक समज आहे. अमेरिकेतली श्रीमंत कंपनी, आपण गरीब, तिचं थोडं घेतलं तर काय बिघडलं? शिवाय इंग्रजांनी ज्याला 'पायरेट' म्हटलं, तो कान्होजी आंग्रे आमच्याच अलिबागचा! या युक्तिवादाचा मोह मलाही झाला होता. कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो. तिथे उभं राहिलं की 'पायरसी' या शब्दाचं राजकारण अंगावर येतं.

पण कान्होजींनी नेमकं काय केलं ते पाहावं. मराठ्यांच्या आरमाराच्या या सरखेलाने पोर्तुगीजांचे कार्ताझ खोटे छापून विकले नाहीत. या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आपलं दस्तक घ्यावं, असा दावा त्यांनी केला आणि तो आरमाराच्या जोरावर निभावला. न घेणाऱ्यांची जहाजं धरली. इंग्रजांनी आणि पोर्तुगीजांनी 1721 मध्ये एकत्र येऊन कुलाब्यावर चढाई केली, ती फसली. 1729 मध्ये कान्होजी वारले तोवर हा दावा कुणाला मोडता आला नाही. त्यांचं म्हणणं होतं, या पाण्यावर परवाना द्यायचा तर तो आम्ही देऊ. चाचेगिरीचा आरोप लागला तो या दाव्यामुळे. प्रतिस्पर्धी सत्तेला चाचा म्हणणं सोयीचं होतं.

क्रॅक केलेल्या विंडोजमध्ये असा कुठलाच दावा नाही. ती समुद्र त्याच सत्तेचा मानते, फक्त नाकेदाराची नजर चुकवते. आणि गंमत म्हणजे त्या सत्तेला याचा फारसा रागही नसतो. 1998 साली एका विद्यापीठात बोलताना बिल गेट्स यांनी चीनबद्दल हे मोकळेपणाने सांगितलं होतं: लोक सॉफ्टवेअरचे पैसे देत नाहीत, पण चोरणारच असतील तर आमचं चोरावं, सवय लागेल, आणि पुढे कधीतरी वसूल कसं करायचं ते आम्ही शोधून काढू. त्याच गृहस्थांनी फेब्रुवारी 1976 मध्ये हौशी संगणकवाल्यांना जाहीर पत्र लिहून त्यांना चोर ठरवलं होतं. बावीस वर्षांत राग गेला आणि हिशेब आला. अ‍ॅक्टिव्हेट न केलेली विंडोज कोपऱ्यातल्या फिकट अक्षरांसह वर्षानुवर्षं चालू का दिली जाते, याचं माझ्या मते हेच उत्तर. गिऱ्हाईक समुद्र सोडून जाता कामा नये. जकात आज नाही तर उद्या.

म्हणजे पाचशे रुपयांत विंडोज 'करून' घेणारा माणूस कंपनीचं नुकसान करतो त्याहून जास्त तिची सेवा करतो. तिच्यावाचून आपलं चालणार नाही, ही सवय तो स्वतःला, मुलांना आणि गावाला लावतो. नुकसान होतं ते त्याचं स्वतःचं. खोटा परवाना-सर्व्हर बसवायचा तर आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. घराचा कडी-कोयंडा काढून अनोळखी माणसाला आत घेण्यातला हा प्रकार. घरच्या लॅपटॉपवर हे झालं तर आपले फोटो आणि बँकेचा पासवर्ड धोक्यात. एखाद्या दाखले काढून देणाऱ्या केंद्रात झालं, तर अख्ख्या गावाची आधार कार्डं, उत्पन्नाचे दाखले आणि सातबारे त्याच यंत्रातून जात असतात.

कायदाही इथे घर आणि धंदा यांत फरक करतो. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून प्रोग्रॅम वापरणाऱ्याला कॉपीराइट कायद्याच्या 63-ब कलमाखाली सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. माझ्यासारख्याला निदान दयेची फट आहे. दुकानात पाचशे घेणाऱ्या पोराला ती नाही. आणि तो पोर कुणी गुन्हेगार नाही. बोर्डावरची हिरवी पूड ब्रशने साफ करणारा, सोल्डरिंग आयर्न हातात धरून पोट भरणारा कारागीर आहे. त्याला या धोक्यात कोण ढकलतं? त्याचं अज्ञान थोडं, गिऱ्हाइकाचा कंजूषपणा थोडा. आणि मदरबोर्ड बदलणं म्हणजे नवा संगणक, ही कराराची व्याख्या बरीचशी.

ही व्याख्या जिथे लिहिली गेली तिथे खारी हवा नसावी. लॅपटॉपबरोबर आलेला परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो. वॉरंटीत उत्पादकानेच बोर्ड बदलून दिला तर ठीक, एरवी बोर्ड गेला की परवानाही गेला. सुटा विकत घेतलेला परवाना 2016 पासून स्वतःच्या खात्याशी जोडता येतो आणि यंत्र बदलल्यावर परत मिळवता येतो. म्हणजे नोंद यंत्राऐवजी माणसाच्या नावावर ठेवणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. स्वस्त, आयत्या परवान्यावर मात्र करार ते नाकारतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरूडच्या किनाऱ्यावर आदळलं. छपरं उडाली, पाणी घरात आलं, काही गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्या पाण्यात भिजलेल्या संगणकाचा बोर्ड ज्याने बदलला, त्याने नारळी-पोफळीबरोबर परवानाही गमावला. पंचनाम्यात सुपारीची झाडं मोजली जातात. परवाना कोण मोजणार?

'मग गरिबाने काय करायचं?' हा प्रश्न उरतोच. जुना लॅपटॉप जेवढ्यात मिळतो त्याच्या आसपास जाणारी किंमत नुसत्या विंडोजसाठी मोजा, असं मच्छी विकून मुलीला शिकवणाऱ्या कोळणीला सांगायला जीभ रेटत नाही. भर म्हणून 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-सोय लागते, जी पुष्कळशा जुन्या यंत्रांत नाही. ज्यांनी सगळं रीतसर केलं, त्यांचीही नोंद वहीत शाबूत आणि उपयोग संपत आलेला.

याचं उत्तर मला अलिबागेपासून काही मैलांवर, चरी गावात सापडतं. 27 ऑक्टोबर 1933 ला चरीच्या सभेत कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्णय घेतला. पुढारी नारायण नागू पाटील. पंचवीस गावं त्यात होती, आणि संप 1939 पर्यंत चालला. सहा वर्षं! या काळात कुळांनी खोताच्या कोठारावर रात्री डल्ला मारला असता तर खोतीचं काही बिघडलं नसतं. त्यांनी जमीन पड ठेवली, लाकूडफाटा विकून दिवस काढले. डॉ. आंबेडकर चरीला आले. 1937 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्याच वर्षी पाटलांचं 'कृषीवल' हे वृत्तपत्र निघालं. 1939 च्या कूळ कायद्याने संरक्षित कूळ ही गोष्ट आणली, 1948 च्या कायद्याने ती पुढे नेली, आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरून कसणारा मालक होण्याची वाट खुली झाली.

चरीने शिकवलं ते असं, की अन्यायाच्या अटी चोरीने मोडत नाहीत. त्या नकाराने आणि कायद्याने मोडतात, आणि दोन्ही एकमेकांना लागतात.

संगणकातला नकार म्हणजे मुक्त प्रणाली. लिनक्स 1991 पासून आहे, तिला किल्ली नाही, हजेरी नाही, बोर्ड बदलला तरी ती कुरकुरत नाही. आपल्याच सी-डॅकने 2007 मध्ये बॉस ही भारतीय लिनक्स प्रणाली आणली. कान्होजींच्या दस्तकाची आठवण व्हावी असं ते पाऊल. केरळने आपल्या सरकारी शाळांतलं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं आणि तिथे टिकवलं. युनिकोडमुळे मराठी तिथेही उत्तम लिहिता येते. आपल्याकडे 2002 पासून लाखो लोकांनी एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम केला. अनेक सरकारी नोकऱ्यांसाठी तो चालतो. त्यात परवाना म्हणजे काय, जेनेरिक की म्हणजे काय, आणि बिनकिल्लीची प्रणाली कशी टाकायची, यासाठी एक दिवस दिला तरी पाचशे रुपयांचा धंदा निम्मा होईल.

नकाराला किंमत असते, हेही लपवू नये. माझ्या एका मित्राचं डीटीपीचं सगळं काम ज्या मराठी फाँटवर आणि प्रोग्रॅमवर चालतं, ते फक्त विंडोजवर चालतात. त्याला उद्यापासून लिनक्स वापर म्हणणं म्हणजे सहा वर्षं जमीन पड ठेव म्हणणं. म्हणून दुसरी बाजूही लागेल, कायद्याची. ग्राहक मंत्रालयाने 2022 मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षअखेर त्यासाठी पोर्टल सुरू केलं. त्या हक्कात एक ओळ वाढवावी: सुटा भाग बदलला म्हणून विकत घेतलेला परवाना जाणार नाही. आणि संगणकाच्या बिलावर, औषधावर तारीख छापतात तसं, परवाना कुठल्या प्रकारचा आणि कशाशी बांधलेला, हे मराठीत छापणं सक्तीचं करावं. कुळाचं नाव सातबाऱ्यावर चढलं तेव्हा त्याला बेदखल करणं अवघड झालं. आपलंही नाव दिसेल अशा जागी लिहिलं जायला हवं.

त्या दिवशी मी पाचशे दिले नाहीत. कोपऱ्यातली अक्षरं तशीच घेऊन घरी आलो, आठवडाभर विचार केला, आणि पुन्हा दुकानात जाऊन तो लॅपटॉप लिनक्सवर नेला. बसवणावळ दोनशे. पोराने चेहरा वाकडा केला, पण काम मन लावून केलं, मधेच म्हणाला, "जुन्या मशीनवर हलकी पळते की ही." लिखाणापुरतं माझं भागतं. बँकेचं एक काम अडलं, ते फोनवर करतो.

निघताना मी त्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. "अरे, याच्याखाली एक ओळ लिहून टाक. 'फक्त बसवण्यासाठी. परवाना नाही.'"

तो हसला. "मग गिऱ्हाईक विचारेल ना काका, परवाना कुठंय म्हणून."

"विचारू दे की."

त्याने थोडा वेळ मार्कर बोटांत फिरवला. मग टोपण काढलं, आणि मला विचारलं, "परवानाचा 'र' अर्धा का पूर्ण?"